लकव्यानंतर ऑक्युपेशनल थेरपिस्ट : कसे शोधायचे, काय विचारायचं आणि घरी काय करायचं

लकवा येऊन गेलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की घरचे फिजिओथेरपिस्ट लावतात, तेल आणून मालिश सुरू करतात आणि हातात रबरी चेंडू देतात. दोन-तीन महिन्यांत माणूस काठी धरून चालायलाही लागतो. पण अंघोळ दुसऱ्याने घालायची, घास दुसऱ्याने भरवायचा, पायजम्याची नाडी दुसऱ्याने बांधायची हे तसंच राहतं. ही कामं परत माणसाच्या हाती यावीत म्हणून जे शिकलेले असतात, ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट बहुतेक घरांत फार उशिरा पोहोचतात. तोवर बोटं मुठीत आखडलेली असतात आणि "मला काही जमत नाही" हे माणसाच्या मनात घट्ट बसलेलं असतं.

पुढच्या पायऱ्या लकवा झालेल्या प्रौढ माणसासाठी आहेत. क्रम महत्त्वाचा आहे. पायरी २ गाळून थेट पायरी ३ वर गेलात तर चांगले थेरपिस्ट मिळूनही वेळ वाया जातो.

## आधी नावाचा घोळ मिटवा

सरकारी रुग्णालयात या विभागाच्या पाटीवर 'व्यवसायोपचार' असं लिहिलेलं असतं. ते वाचून पुष्कळ नातेवाईकांना वाटतं की हा विभाग नोकरी-धंद्याचा सल्ला देतो. आमचे वडील निवृत्त आहेत, आम्हाला काय उपयोग? इथे 'व्यवसाय' म्हणजे माणूस दिवसभरात ज्यात गुंतलेला असतो ते प्रत्येक काम. दात घासणं, शर्टाची बटणं लावणं, पूजा, चहा करणं, पासबुक वाचणं, सगळं त्यात आलं.

दुसरा घोळ 'ओटी' या शब्दाचा. दवाखान्यात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. वॉर्डमध्ये कुणी म्हणालं "यांना ओटीला दाखवा", तर घाबरू नका आणि गप्पही बसू नका. "व्यवसायोपचार म्हणताय का?" असं स्पष्ट विचारा.

फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्या कामाच्या हद्दी थोड्या एकमेकींत शिरतात. ढोबळपणे सांगायचं तर फिजिओथेरपिस्ट ताकद, तोल आणि चालणं यांवर काम करतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा भर हात, बोटं, नजर, लक्ष आणि कामांचा क्रम यांवर असतो, आणि शेवटी तो माणूस त्याच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या मोरीत ते काम करू शकतो का यावर. लकव्यानंतर दोघंही लागतात. एकाला दुसऱ्याचा पर्याय समजू नका.

## पायरी १ : सुट्टी मिळण्याआधी

शोध घरी आल्यावर नव्हे, वॉर्डात असतानाच सुरू करायचा. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. पुढेही सुधारणा होते, पण तेवढ्याच फायद्यासाठी मेहनत जास्त पडते. तब्येत स्थिर आहे असं डॉक्टर म्हणाले की थेरपी पलंगावरच सुरू होऊ शकते.

सुट्टीच्या आदल्या दिवशी एवढं करून घ्या :

१. डिस्चार्ज कार्डावर 'ऑक्युपेशनल थेरपी' असं वेगळं लिहून घ्या. नुसतं 'फिजिओ चालू ठेवा' पुरत नाही. मेडिक्लेममध्ये सुट्टीनंतरचा खर्च पॉलिसीतल्या मुदतीपर्यंत, बहुधा ६० किंवा ९० दिवस, मागता येतो. थेरपीचा खर्च त्यात बसवायचा तर डॉक्टरांची लेखी शिफारस लागते. पॉलिसीचा कागद काढून ती मुदत आजच पाहा.

२. डॉक्टरांना विचारा : रक्तदाब किती असला तर व्यायाम थांबवायचा? गिळायला त्रास आहे का? नजरेची एखादी बाजू गेली आहे का? लकवा झालेल्या हाताला गरम-गार कळतं का? चारही उत्तरं वहीत लिहा, थेरपिस्ट पहिल्याच भेटीत हेच विचारणार आहेत.

३. सीटी किंवा एमआरआयचा अहवाल आणि औषधांची यादी एका फाइलमध्ये लावा.

सावधान : लकवा झालेला हात धरून माणसाला कधीही उठवू किंवा ओढू नका. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात, त्यामुळे हाड खोबणीतून खाली सरकतं आणि मग महिनोन्‌महिने खांदा दुखतो. उठवताना हात पाठीमागून, खांद्याच्या पात्याशी किंवा कंबरेशी लावा. बसलेला असताना तो हात मांडीवरून लोंबकळू देऊ नका. खाली उशी किंवा टेबल हवं. हे घरच्या प्रत्येकाला सांगा, भेटायला येणाऱ्यांनाही. प्रेमाने हात धरून "उठा बघू काका" म्हणणारे तेच असतात.

## पायरी २ : तीन दिवसांची वही

सगळ्यात जास्त गाळली जाते ती ही पायरी. लोक थेरपिस्टकडे जातात आणि विचारतात, "हात कधी चालेल?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर कुणीच देऊ शकत नाही. "सकाळी चूळ भरताना तांब्या डाव्या हाताने उचलतात, पण उजव्या हाताने ब्रश धरला की गळून पडतो" असं सांगितलंत, तर काम त्याच मिनिटाला सुरू होतं.

तीन दिवस, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा : स्वतः केलं, थोडी मदत लागली, पूर्ण दुसऱ्याने केलं. आणि काम नेमकं कुठे अडलं ते एका ओळीत. ही दहा कामं सुटू देऊ नका : जेवण, अंघोळ, तोंड धुणं-दाढी-वेणी, कपडे, शौचावरचा ताबा, लघवीवरचा ताबा, संडासात जाणं-येणं, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं, जिना. थेरपिस्ट वापरतात त्या बार्थेल इंडेक्स या मोजपट्टीत हीच दहा कामं असतात, एकूण १०० गुणांची. तुमची वही त्यांच्या तपासणीला थेट जोडता येते.

त्याखाली माणसाची स्वतःची दोन-तीन कामं लिहा, त्याला विचारून. आईला कदाचित चालण्याआधी देवाचा दिवा लावायचा असेल. वडिलांना मोबाइलवर नातवाला फोन लावायचा असेल. जे काम माणसाला मनापासून हवं असतं, त्याचा सराव तो शंभर वेळा करतो. चेंडू तो चार दिवसांत बाजूला ठेवतो.

एक गोष्ट जेवताना मुद्दाम पाहा. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे शाबूत असतात, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर असते. उजवीकडची भाजी-आमटी संपते, भाताची उजवी अर्धी मूद संपते आणि डावीकडचं सगळं जसंच्या तसं राहतं. घरचे म्हणतात, "तोंडाची चव गेली" किंवा "आता चटणी आवडत नाही". ताट फिरवून पाहा. फिरवल्यावर तीच चटणी खाल्ली गेली, तर हे वहीत ठळक लिहा आणि पहिल्याच भेटीत सांगा. असाच माणूस डाव्या बाजूने दाराच्या चौकटीला धडकतो, दाढीचा डावा गाल विसरतो.

तपासा : वहीत निदान एक काम असं आहे ना, जे माणूस थोड्या मदतीने करतो? थेरपीची सुरुवात तिथूनच होते. सगळ्यापुढे 'दुसऱ्याने केलं' असंच असेल तर एक दिवस मदत द्यायला अर्धं मिनिट उशीर करा आणि काय होतं ते पाहा. पुष्कळदा माणूस करू शकत असतो. आपण त्याला वेळच दिलेला नसतो.

## पायरी ३ : शोधायचं कुठे

ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथूनच सुरुवात करा. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो. मुंबईत केईएम, नायर आणि सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांत ऑक्युपेशनल थेरपीचं पदवी शिक्षण दिलं जातं, त्यामुळे तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो आणि खर्च थोडका असतो. विदर्भासाठी नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत हाजीअलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच प्रकारच्या कामासाठी आहे आणि तिथे कृत्रिम अवयव व आधाराची साधनंही बनतात.

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालयात विचारा. तिथलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र मुलांसाठी आहे, मोठ्यांसाठी नाही, पण तिथले थेरपिस्ट जवळपास कोण खासगी काम करतं हे सांगू शकतात. तुमचा शोध मुलासाठी असेल, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा वाढीतला उशीर असेल, तर पहिला फेरा त्या केंद्रातच मारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी तिथे मोफत होते.

तालुक्याच्या गावी ऑक्युपेशनल थेरपिस्ट मिळणं अवघड आहे, हे मान्य करूनच आखणी करावी लागते. अशा वेळी आठवड्याला तीन फेऱ्या करत बसण्यापेक्षा पहिली पूर्ण तपासणी शहरात करून घ्या, घरचा कार्यक्रम लिहून आणा, दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्यक्ष दाखवा आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉल ठेवा. परदेशातून किंवा दुसऱ्या शहरातून आई-वडिलांची सोय लावणाऱ्यांनीही पहिली भेट प्रत्यक्षच ठेवावी. ताठरपणा आणि स्पर्श पडद्यावरून तपासता येत नाहीत.

### नोंदणी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका

महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी राज्य परिषद आहे आणि काम करायला तिची नोंदणी लागते. शिक्षण म्हणजे बॅचलर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी ही पदवी. सध्या काम करणाऱ्या बहुतेकांनी ती सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांत घेतलेली असते. काहींनी पुढे मास्टर्सही केलेलं असतं.

पाटीवर नुसतं 'थेरपिस्ट', 'रिहॅब एक्सपर्ट' किंवा 'न्यूरो स्पेशालिस्ट' असेल तर पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात काही अपमान नाही. नोंदणीकृत माणूस सहज दाखवतो, पावतीवर क्रमांक छापलेला असतो. महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशनचं सदस्यत्व विचारता येतं, पण ते ऐच्छिक असतं. पदवी मात्र पाहायलाच हवी.

## पायरी ४ : फोनवर पाच मिनिटं

अपॉइंटमेंट घेण्याआधी एवढं विचारा :

१. लकव्याचे मोठे रुग्ण नियमित पाहता का? बरेच ऑक्युपेशनल थेरपिस्ट फक्त मुलांबरोबर काम करतात. चांगल्या थेरपिस्ट असल्या तरी तुमच्या कामाच्या नसतील. त्यांनाच विचारा, त्या योग्य नाव सुचवतात.
२. सेशन तुम्ही स्वतः घेता की सहायक?
३. पहिल्या तपासणीला किती वेळ लागतो? ४५ मिनिटं ते तास हे उत्तर ठीक. 'पंधरा मिनिटांत पाहून मशीन लावू' हे नाही.
४. घरी येता का? निदान एकदा तरी?
५. तपासणीची फी वेगळी, सेशनची वेगळी का? पावती मिळते ना?

सावधान : "इतक्या दिवसांत हात शंभर टक्के चालवून देतो" अशी हमी कुणी दिली, किंवा तपासणी न करताच वीस-तीस सेशनचे पैसे आगाऊ मागितले, तर फोन ठेवा.

## पायरी ५ : पहिली भेट

सोबत फाइल, वही, चष्मा, ऐकू येण्याचं यंत्र आणि रोज घालतात तसेच कपडे. पुढे बटणं असलेला शर्ट घालून नेलात तर तो काढता-घालताना पाहता येतो. माणूस ताजातवाना असतो ती वेळ घ्या. दुपारच्या जेवणानंतरची नको. आणि घरी रोज जो सांभाळतो, मग ती सून असो, बायको असो की केअरटेकर, त्याच व्यक्तीने सोबत जायचं. मुलगा रजा काढून घेऊन जातो, सगळं समजून घेतो आणि सोमवारी ऑफिसला जातो; घरी करवून घेणाऱ्या बाईला मात्र कुणीच काही दाखवलेलं नसतं. असं करू नका.

नीट तपासणीत साधारण हे असतं : हात प्रत्येक सांध्यात किती हलतो, किती ताठरला आहे, स्पर्श आणि तापमान कळतं का, पेला धरून सोडता येतो का, दोन-तीन पायऱ्यांची सूचना पाळता येते का, डाव्या-उजव्या बाजूकडे लक्ष आहे का. आणि एखादं खरं काम प्रत्यक्ष करायला लावतात. हे शेवटचं झालं नाही तर तुम्हीच सांगा : "शर्ट घालताना पाहता का एकदा?"

निघण्याआधी ध्येय लिहून घ्या. 'हाताची ताकद वाढवणं' हे ध्येय नव्हे. 'सहा आठवड्यांत दहीभाताची वाटी चमच्याने स्वतः संपवणं, ताट धरायला मदत चालेल' हे ध्येय. काम कोणतं, किती मदतीने, कधीपर्यंत, तिन्ही हवं. एका वेळी दोन-तीनच ठेवा.

तपासा : वही उघडा. लिहून दिलेली ध्येयं तुमच्या पायरी २ च्या यादीतली आहेत का? नसली तर पुन्हा विचारा.

## पायरी ६ : घरचा सराव

आठवड्यातले दोन-तीन तास थेरपिस्टचे, बाकीचा आठवडा तुमचा. सराव वेगळा 'व्यायामाचा तास' म्हणून ठेवू नका. जेवायच्या वेळी जेवणाचा, अंघोळीच्या वेळी अंघोळीचा. एका वेळी १५-२० मिनिटं, थकवा दिसला की थांबायचं. मेंदूचा थकवा आळसासारखा दिसतो, पण आळस नसतो.

मदत करायची पद्धत अशी : सुरुवातीचं सगळं तुम्ही करा आणि शेवटची एक पायरी माणसावर सोडा. पायमोजा टाचेपर्यंत तुम्ही चढवा, टाचेवरून वर त्याने ओढायचा. ते जमलं की मागची एक पायरी त्याच्याकडे द्या. काम पूर्ण करण्याचं समाधान दर वेळी त्यालाच मिळतं.

### जेवण

पलंगावर टेकून नव्हे, खुर्चीत. पाय जमिनीवर टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीचं, लकवा झालेला हात टेबलावर समोर, दिसेल असा. ताटाखाली ओला करून पिळलेला फडका अंथरा, ताट सरकत नाही. सपाट ताटापेक्षा उभ्या काठाची खोलगट थाळी बरी. घास काठाला टेकवून चमच्यात येतो. बोटं नीट मिटत नसतील तर चमच्याची मूठ जाड करा. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, चार इंचांचा तुकडा पुरतो. मूठ साधारण एक ते सव्वा इंच जाड हवी.

पदार्थांचाही क्रम असतो. आधी चमच्याला चिकटणारं : दहीभात, मऊ खिचडी, घट्ट शिरा. मग वरणभात. आमटी, ताक सगळ्यात शेवटी. कप अर्धाच भरा. पोळीचे तुकडे सुरुवातीला करून द्या, पण वाटीत कुस्करून देऊ नका. तुकडा उचलून भाजी लावणं हाच बोटांचा उत्तम सराव आहे.

सावधान : पाणी पिताना ठसका, जेवल्यावर ओला घोगरा आवाज किंवा घास गालात साठून राहणं यांपैकी काहीही दिसलं तर स्वतः जेवण्याचा सराव थांबवून आधी डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्या. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

### कपडे

नियम एकच, घरात सगळ्यांनी पाठ करावा : घालताना लकव्याचा हात आधी, काढताना तो शेवटी. याच्या उलट करायला गेलं की शर्ट पाठीवर अडकतो, मग घरचे हात मागे ओढतात आणि खांदा दुखावतो.

शर्ट मांडीवर पसरा, आतली बाजू वर, कॉलर पोटाकडे. माणसाने पुढे झुकायचं, म्हणजे लकव्याचा हात दोन गुडघ्यांच्या मधे सरळ खाली जातो आणि कोपर आपोआप सुटतो. त्या हातावर बाही चढवायची, थेट खांद्यापर्यंत. इथेच चूक होते : बाही कोपराखालीच असताना दुसरा हात घालायला घेतात आणि सगळं तिथेच गुरफटतं. बाही खांद्यावर बसली की शर्ट पाठीमागून फिरवून चांगला हात घालायचा. बटणं खालून वर लावा, खालचं बटण डोळ्यांना दिसतं.

नाडीच्या जागी इलॅस्टिक लावून घ्या. ब्लाउजला पुढून वेल्क्रो, बटणं वरून शिवलेली ठेवली की दिसायलाही तोच राहतो. साडी सोडायची नसेल तर शिवून तयार केलेली साडी मिळते किंवा शिंप्याकडून करून घेता येते. "आता गाऊनच घाल" असं आईला परस्पर ठरवून सांगू नका.

### अंघोळ

घरातली सर्वाधिक पडझड इथे होते. हातांची, मागे टेकायला पाठ असलेली, पायांना रबर बसवलेली खुर्ची मोरीत ठेवा. स्टूल नको. बादली, मग, साबण सगळं चांगल्या हाताच्या बाजूला. पितळी तांब्याऐवजी कानाचा प्लास्टिक मग. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. पाणी चांगल्या हाताने तपासायचं. लकव्याच्या हाताला भाजलेलं कळेलच असं नाही. साबणवडी निसटते, ती जाळीच्या पिशवीत घालून खुर्चीला बांधा. अंग पुसणं आणि वरचे कपडे घालणं खुर्चीतच, उभं राहून नाही.

### रबरी चेंडू

थेरपिस्टने मुद्दाम सांगितला नसेल तर बाजूला ठेवा. लकव्यानंतर बोटं मिटणारे स्नायू आपोआप ताठरत जातात. अडचण मूठ उघडण्याची असते. दिवसभर चेंडू दाबून आपण मिटण्याचाच सराव करवतो. त्याऐवजी टॉवेल घडी करणं, टेबल पुसणं, डबा धरून ठेवणं, अशा कामांत तो हात गुंतवा. नुसता वजनासारखा कागदावर ठेवला तरी चालेल, पण कामात हवा. दोरी-कप्पी लावून हात वर ओढण्याचा व्यायामही स्वतःच्या मनाने सुरू करू नका, खांद्याला घातक ठरतो.

## पायरी ७ : स्प्लिंट दिलं असेल तर

हाताला आधार देणारं स्प्लिंट बहुधा गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचं, हातावरच आकार देऊन केलेलं असतं. दुकानातून तयार घेतलेलं प्रत्येक हाताला बसेलच असं नाही. किती तास घालायचं आणि दिवसा की रात्री, हे लिहून घ्या. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने काढून कातडी पाहा. लाल वण २०-३० मिनिटांत गेला नाही तर ते परत घालू नका, दुरुस्त करून आणा. गाडीत उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलं तर ते वाकडं होतं; धुवायला गार पाणीच वापरा.

हात अचानक सुजला, गरम आणि लाल झाला, नुसत्या स्पर्शाने दुखू लागला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. पोटरी सुजून दुखली तर त्याच दिवशी डॉक्टर. चेहरा, हात किंवा बोलण्यात अचानक नवा बिघाड दिसला तर थेट १०८.

## पायरी ८ : घरातले बदल, थेरपिस्टने पाहिल्यावरच

बऱ्याच घरांत दवाखान्यातून येण्याआधीच प्लंबर बोलावून दांडे ठोकले जातात, आणि ते नेमके लकव्याच्या हाताच्या बाजूला येतात. थांबा. घरभेट होत नसेल तर मोरी, संडास, पलंग आणि मधल्या वाटेचे फोटो, मापं लिहून न्या.

काही मापं आधी घेता येतील. पलंगाच्या कडेवर बसल्यावर पाय पूर्ण टेकून गुडघा काटकोनात यायला हवा. बहुतेकांना १८ ते २० इंच उंची लागते. भारतीय संडासावर कमोडची खुर्ची बसवताना तिचे पाय फरशीवर घसरत नाहीत ना ते स्वतः बसून पाहा. पकडायचा दांडा सव्वा ते दीड इंच जाड, भिंतीपासून दीड इंच सुटा, साधारण ३३ ते ३६ इंच उंचीवर; पण भोक पाडण्याआधी माणसाला तिथे उभं करून हात कुठे सहज जातो ती खूण करा. दांडा फरशीत नव्हे, तिच्यामागच्या विटेत गेलेल्या बोल्टवर बसायला हवा. टॉवेलचा दांडा आणि रबरी चकतीने चिकटणारा दांडा आधार म्हणून धरायचे नाहीत.

पायपुसणी, गालिचे उचला. रात्री संडासापर्यंत दिवा हवा.

## पायरी ९ : सहा आठवड्यांनी हिशेब

वही परत काढा, तीच दहा कामं, परत तीन दिवस, तशाच खुणा. दोन वह्या शेजारी ठेवून थेरपिस्टबरोबर बसा. एखादं काम 'पूर्ण दुसऱ्याने'वरून 'थोडी मदत'वर आलं असेल तर ती खरी प्रगती आहे, हात अजून पूर्ण वर जात नसला तरी.

काहीच हललं नसेल तर कारण बहुधा या चारांपैकी असतं : घरी सराव होत नाही, ध्येय आवाक्याबाहेरचं आहे, खांदा दुखतोय आणि माणूस सांगत नाही, किंवा मन खचलंय. लकव्यानंतर नैराश्य पुष्कळांना येतं. जेवण, झोप, बोलणं कमी झालं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, त्यावर औषध आहे. आणि सहा आठवड्यांत घरचा कार्यक्रम एकदाही बदलला नसेल, प्रत्येक सेशन यंत्र लावून संपत असेल, तर दुसरे थेरपिस्ट पाहा. पहिल्या तपासणीचा अहवाल मागून घ्या, तो तुमचा आहे.

नियमित सेशन थांबली तरी नवं काम समोर आलं की परत जायचं : स्वयंपाकघरात परत उभं राहताना, दुकानात बसायला लागताना, पहिल्यांदा एसटीने प्रवास करताना. विळी परत हातात घेण्याआधी एकदा विचारा. जमिनीवर बसून उठता येणं आणि लकव्याच्या हाताला स्पर्श कळणं, दोन्ही लागतं. तोवर ओट्यापाशी उभं राहून, खाली ओला फडका घातलेल्या पाटावर सुरी. स्कूटर किंवा कार चालवण्याआधी डॉक्टरांची परवानगी आणि लक्ष, नजर व प्रतिसादाची तपासणी हवीच. ज्याच्या ताटात डावीकडची चटणी अजून शिल्लक राहते, त्याच्या हाती किल्ली देऊ नका.